प्रश्नावलीआधी प्रश्न हवा

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध चाळले, तर ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात एक विधान वरचेवर भेटते. प्रस्तुत अभ्यासासाठी यादृच्छिक पद्धतीने शंभर प्रतिसादकांची निवड करण्यात आली, असे ते विधान. हे शंभर जण कोणत्या यादीतून निवडले, ती यादी कोणाकडून मिळाली, निवडलेल्यांपैकी किती जण भेटले नाहीत किंवा बोलायला तयार झाले नाहीत, याचा तपशील मात्र पुढे येत नाही. अनेकदा तो नसतोच. ओळखीच्या वस्तीत जाऊन जे भेटले त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते आणि ‘यादृच्छिक’ हा शब्द केवळ पाठ्यपुस्तकात आहे म्हणून लघुप्रबंधात अवतरलेला असतो.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला करायचा, असे कोणी म्हणेल. पण हेच विद्यार्थी पुढे शासकीय योजनांचे मूल्यमापन करतात, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल लिहितात, जनमत चाचण्या घेतात. गरीब किती, कुपोषित किती, कोणती योजना उपयोगी आणि कोणती निरुपयोगी, हे ठरवणारे आकडे त्यांच्याच हातून तयार होतात. तेव्हा वर्गात लागलेली सवय समाजाला महागात पडू शकते.

राज्यातील विद्यापीठांमध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फेररचना २०२३-२४ पासून सुरू झाली. तीत संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय पहिल्या वर्षी आला आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन पद्धतीसह पूर्वअभ्यासक्रम सक्तीचा करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांतच घेतला होता. म्हणजे एकेकाळी मोजक्या संशोधकांपुरता असलेला हा विषय आता एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आला आहे. प्रश्न उरतो तो शिकवण्याचा आणि शिकण्याचा. संशोधनाच्या व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार, प्रश्नावलीचे गुणदोष यांवर टिपा लिहून परीक्षा उत्तीर्ण होता येते. पण पोहण्याची पुस्तके वाचून कोणी पोहायला शिकत नाही.

संशोधन आराखडा या शब्दाचा अर्थ खरे तर साधा आहे. आपले म्हणणे चुकीचे असेल, तर ते आपल्याला कसे कळेल, याची आधीच करून ठेवलेली तजवीज म्हणजे आराखडा. नमुना, प्रश्नावली, मुलाखत, संख्याशास्त्रीय चाचण्या ही सारी त्या तजविजीची साधने आहेत.

विषय आणि प्रश्न यांतील अंतर

‘महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका : एक अभ्यास’ हा लघुप्रबंधांचा आवडता विषय. तो विषय आहे, प्रश्न नव्हे. विषयाला शेवट नसतो. प्रश्नाला उत्तर असते आणि ते ‘नाही’ असेही येऊ शकते. ‘बचत गटात पाच वर्षे राहिलेल्या स्त्रियांना घरातील मोठ्या खरेदीच्या निर्णयात, गटाबाहेरच्या त्याच वस्तीतील स्त्रियांपेक्षा अधिक वाटा मिळतो का?’ हा प्रश्न झाला. त्यात कोण, कोठे, कशाची तुलना कशाशी आणि काय मोजायचे हे सारे आले. असा प्रश्न हाती आला की निम्मा आराखडा आपोआप तयार होतो.

विषयावरून थेट प्रश्नावलीवर उडी मारणारा विद्यार्थी चाळीस-पन्नास प्रश्न तयार करतो. वय, शिक्षण, जात, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार यांपासून सुरुवात होते आणि शेवटी ‘बचत गटामुळे तुमचे सक्षमीकरण झाले असे वाटते का?’ असा प्रश्न येतो. शंभरपैकी नव्वद जणी ‘होय’ म्हणतात. समोर वही घेऊन बसलेल्या शिकलेल्या मुलीला दुसरे काय सांगायचे, हे त्यांना ठाऊक असते. त्या उत्तराचा तक्ता होतो, तक्त्याचा आलेख होतो आणि गृहीतक सिद्ध झाल्याचे जाहीर होते. या साऱ्या खटाटोपात गृहीतक असिद्ध होण्याची शक्यता कोठेच नव्हती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

संदर्भसाहित्याचा आढावा याच टप्प्यावर कामाला येतो. पन्नास पुस्तकांची नावे आणि प्रत्येकाचा चार ओळींचा सारांश म्हणजे आढावा नव्हे. आधीच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न कसा विचारला, काय मोजले, कोठे मतभेद झाले आणि कोणती जागा रिकामी राहिली, हे शोधण्यासाठी तो करायचा असतो.

व्याख्या बदलली की उत्तर बदलते

संकल्पनेची व्याख्या ही औपचारिक बाब समजली जाते. ती किती निर्णायक असते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच ज्ञानपरंपरेत आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची कसून पाहणी करून तिचा वृत्तान्त १९१७ साली प्रसिद्ध केला. आज पिंपरी-चिंचवडमध्ये सामावून गेलेले हे गाव तेव्हा दख्खनमधले एक सामान्य खेडे होते. जमिनीचे तुकडे किती झाले आहेत, कुटुंबांवर कर्ज किती आहे, हे त्यांनी गावभर मोजले. एका कुटुंबाचा चरितार्थ किमान समाधानकारकपणे चालेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, अशी त्यांची धारणा होती.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात या व्याख्येवरच बोट ठेवले. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही, हे कुटुंबाच्या उपभोगावरून ठरवणे चूक आहे; ते उत्पादनाच्या दृष्टीने, म्हणजे जमिनीला श्रम आणि भांडवल यांची जोड किती प्रमाणात मिळते यावरून ठरवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्याख्या बदलताच निदान बदलले. जमिनीचा आकार हा मूळ रोग न राहता, शेतीत भांडवलाची उणीव आणि शेतीवर विसंबलेल्या माणसांची अतिरिक्त संख्या हा रोग ठरला, आणि उपाय म्हणून औद्योगिकीकरण पुढे आले. ज्या विद्यार्थ्याला संकल्पनेची व्याख्या म्हणजे शब्दकोशातून उतरवून घ्यायचे वाक्य वाटते, त्याने ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचावीत.

‘सक्षमीकरण’ या शब्दाचेही तसेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना ‘तुम्ही सक्षम आहात का’ असे विचारत नाहीत. स्वतःच्या औषधोपचाराचा निर्णय कोण घेते, मोठी खरेदी कोण ठरवते, माहेरी किंवा नातलगांकडे जाण्याचे कोण ठरवते, स्वतः वापरता येईल असे बँक खाते आहे का, असे तपासता येण्याजोगे प्रश्न विचारतात. विद्यार्थ्याने हेच प्रश्न आपल्या पाहणीत घेतले तर दुहेरी लाभ होतो. प्रश्न पूर्वी तपासलेले असतात आणि आपले निष्कर्ष राज्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

सात दिवस की तीस दिवस?

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, हे भारताने गरिबीच्या बाबतीत मोठी किंमत मोजून शिकले. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांना गेल्या तीस दिवसांतील खर्च विचारण्याची पद्धत होती. १९९४ ते १९९८ या काळातील काही फेऱ्यांमध्ये प्रयोग म्हणून निम्म्या कुटुंबांना अन्नावरील खर्च सात दिवसांचा विचारला गेला. अलीकडचे अधिक आठवते, त्यामुळे नोंदलेला खर्च वाढला आणि त्या हिशेबाने गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. लोकांच्या ताटात काहीही बदलले नव्हते. बदलला होता केवळ प्रश्न.

१९९९-२००० च्या फेरीत मग दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारण्यात आले. त्यावरून अधिकृत गरिबी १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. ही घट खरी किती आणि प्रश्नाच्या मांडणीमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये अनेक वर्षे वाद झाला. उत्तर देणारा माणूस दोन रकान्यांतील आकडे नकळत एकमेकांशी जुळवून घेतो, हा आक्षेप होता. २००४-०५ मध्ये तर एकाच वर्षाचे दोन आकडे अधिकृतपणे दिले गेले. सर्व खर्चासाठी तीस दिवसांचा काळ धरला तर गरिबी २७.५ टक्के होती. कपडे, पादत्राणे, शिक्षण अशा क्वचित होणाऱ्या काही खर्चांसाठी वर्षाचा काळ धरला तर ती २१.८ टक्के होती. अलीकडे २०२२-२३ च्या पाहणीत एकाच कुटुंबाकडे एका भेटीऐवजी तीन भेटी देण्यात आल्या. त्यामुळे तिचे आकडे जुन्या फेऱ्यांशी सरळ ताडून पाहताना अभ्यासक सावध राहतात.

केवळ विचारण्यावर विसंबून राहता येत नाही, याचे उदाहरण गडचिरोलीत सापडते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रीरोगविषयक तक्रार असल्याचे ५५ टक्के स्त्रियांच्या बाबतीत नोंदले गेले होते. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले. निव्वळ प्रश्नावलीवर भागवले असते, तर दुखणे सोसण्याची सवय झालेल्या कित्येक जणी निरोगी म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. मापन विश्वसनीय असणे आणि वैध असणे यांतला भेद हाच. काट्याने दर वेळी तेच वजन दाखवले तर तो विश्वसनीय ठरतो. पण तो काटाच पावशेर कमी दाखवत असेल तर ते वजन वैध नव्हे.

तुलना कोणाशी?

विदर्भातील शेतकरी आत्महत्या हा विद्यार्थ्यांचा आणखी एक नेहमीचा विषय. आत्महत्याग्रस्त कुटुंबांना भेटी देऊन कर्ज, नापिकी, व्यसन, आजारपण यांची टक्केवारी काढली जाते. ऐंशी-नव्वद टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती, म्हणून कर्ज हे कारण, असा निष्कर्ष निघतो. पण त्याच गावातील आत्महत्या न झालेल्या शेतकऱ्यांपैकी कर्जबाजारी किती, हे विचारलेलेच नसते. तेही ऐंशी टक्के असतील, तर कर्जाच्या नुसत्या असण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांनी राज्य शासनासाठी २००६ साली सादर केलेल्या अहवालात ही उणीव टाळली होती. आत्महत्या झालेल्या कुटुंबांची तुलना आत्महत्या न झालेल्या शेतकरी कुटुंबांशी करण्यात आली. तेव्हा पहिल्या गटावर कर्जाचा बोजा अधिक आणि त्यांच्याकडे बैल असण्याचे प्रमाण कमी, असा फरक नजरेस आला. असा फरक दाखवता आला तरच कारणांविषयी काही बोलण्याचा अधिकार मिळतो.

बचत गटाच्या प्रश्नातही हीच मेख आहे. गटात येणारी स्त्री मुळातच थोडी धीट, थोडी मोकळीक असलेली असेल, तर पाच वर्षांनी दिसलेला धीटपणा गटामुळे आला की गटात येण्याआधीपासूनच होता? यावर तीन मार्ग आहेत. गटात येण्यापूर्वीची स्थिती ठाऊक असणे, हा पहिला. गटाबाहेरच्या पण बाकी सर्व बाबतींत सारख्या स्त्रियांशी तुलना, हा दुसरा. कोणाला आधी संधी मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे, हा तिसरा. तिसरा मार्ग विद्यार्थ्याच्या हाती सहसा नसतो; पण पहिले दोन असतात.

सर्च संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा जो अभ्यास केला, त्यात पहिले दोन्ही मार्ग एकत्र आले होते. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत सेवा देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणूनच सेवा सुरू होण्याआधी दोन्हीकडचा मृत्युदर मोजून ठेवणे महत्त्वाचे होते. सुरुवातीला दोन्ही भागांत तो हजारी साठच्या आसपास होता. तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांत तो सुमारे २६ वर आला आणि तुलनेच्या गावांत साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी सेवा देशभर नेण्यात आली. तुलनेची गावे नसती, तर ‘काळाच्या ओघात मृत्यू कमी झालेच असते’ या आक्षेपाला उत्तर देता आले नसते.

चिठ्ठ्यांचा मार्गही महाराष्ट्राला अपरिचित नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास मुंबई आणि वडोदरा येथील शाळांमध्ये झाला. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज वेगळे बसवून शिकवत असे. काही शाळांत एका इयत्तेला, तर काही शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी मिळाली आणि हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले. त्यामुळे तुलना करता आली आणि कोणतीच शाळा पूर्ण वंचित राहिली नाही. या अभ्यासाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, तो अशाच प्रायोगिक पद्धतीसाठी.

संख्या मोठी म्हणजे नमुना चांगला नव्हे

नमुना किती मोठा घ्यावा, हा मार्गदर्शकांना सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असावा. त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, तो कसा घ्यावा. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांहून अधिक परत आल्या. रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन जिंकतील, असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन विजयी झाले. साप्ताहिकाची नावांची यादी मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारधारकांची होती. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू नव्हत्या ते तिच्यात आलेच नाहीत, आणि ज्यांनी उत्तर पाठवले ते न पाठवणाऱ्यांपेक्षा निराळे होते. जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीचा निकाल कितीतरी लहान नमुन्यावरून अचूक सांगितला.

आज व्हॉट्सअ‍ॅपवरून गूगल फॉर्मची जोडणी फिरवून दोन दिवसांत तीनशे प्रतिसाद गोळा करणारा विद्यार्थी ‘लिटररी डायजेस्ट’चीच वाट चालत असतो. ते तीनशे जण त्याच्याच वयाचे, त्याच्याच शहरातले आणि मित्रांचे मित्र असतात. असा नमुना वापरू नये असे नाही. तो सोयीचा नमुना आहे, हे नमूद करावे आणि त्यावरून ‘महाराष्ट्रातील युवकांचे मत’ असा मथळा देऊ नये.

नमुना खऱ्या अर्थाने यादृच्छिक असेल, म्हणजे यादीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी असेल, तर त्याच्या चुकीची मर्यादाही सांगता येते. शंभर जणांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात ५० टक्के जण ‘होय’ म्हणाले, तर संपूर्ण समूहातील प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावे, एवढेच खात्रीने म्हणता येते. नमुना चारशेचा केला तर ही मर्यादा पाच टक्क्यांवर येते. नमुना चौपट केल्यावर चूक निम्मी होते, हे गणित ठाऊक असलेला विद्यार्थी शंभर जणांच्या पाहणीत ५२ आणि ४८ टक्क्यांतील फरकावर चार पाने लिहीत नाही.

भारतात नमुना पाहणीचे शास्त्र रुजवले ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. त्यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे त्यांचीच दृष्टी होती. मुख्य काम हाती घेण्याआधी लहानशी पथदर्शी पाहणी करणे आणि एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र नमुने घेऊन वेगवेगळ्या पाहणीकारांची उत्तरे पडताळणे, यांवर त्यांचा भर होता. दोन मित्रांनी मिळून प्रकल्प करायचे ठरवले, तर हीच युक्ती वर्गाच्या पातळीवरही सहज वापरता येते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संस्थेने त्याच शहराची फेरपाहणी केली आणि १९५६ मध्ये ती छापली. पहिल्या पाहणीची पद्धत नीट लिहून ठेवलेली असल्याशिवाय फेरपाहणी शक्य होत नाही. ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण नेमके यासाठी असते. उद्या दुसऱ्या कोणाला हेच काम पुन्हा करता यावे, एवढा तपशील त्यात हवा.

आकड्यांवाचूनचे संशोधन सोपे नाही

गणिताची धास्ती घेतलेले विद्यार्थी गुणात्मक पद्धतीकडे वळतात. दहा-बारा मुलाखती घेतल्या आणि त्यांतील वेचक वाक्ये अवतरणांत दिली की झाले, अशी समजूत असते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली कर्नाटकातील एका खेड्यात बरेच महिने मुक्काम करून राहिले. ‘रामपुरा’ हे त्यांनी त्या गावाला दिलेले नाव. १९७० साली स्टॅनफर्ड येथे ते काम करीत असलेल्या केंद्राला लावलेल्या आगीत त्यांची वर्षानुवर्षे संस्कारित केलेली टिपणे जळाली. त्यानंतर प्रामुख्याने स्मरणाच्या आधारे त्यांनी लिहिलेले पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. इतका काळ गेल्यावरही ते लिहिता आले, ते मुक्कामाच्या आणि रोजच्या नोंदींच्या बळावर. गावात आपली जात कोणती, आपण कोणाच्या घराच्या आसऱ्याने राहतो आणि त्यामुळे कोणाशी सहज बोलता येते, कोणाशी येत नाही, याचीही त्यांनी त्या पुस्तकात चर्चा केली. संशोधक कोठे उभा राहून पाहतो आहे, हे सांगणे हा गुणात्मक आराखड्याचा भाग असतो.

गुणात्मक पद्धत निवडायची ती प्रश्नासाठी. ‘किती स्त्रिया’ हा प्रश्न असेल तर मोजणी हवी; ‘कसे’ आणि ‘कोणत्या अर्थाने’ हा प्रश्न असेल तर सहवास आणि दीर्घ मुलाखती हव्यात. मुलाखतीतून नवे काही येईनासे झाले की थांबायचे, आपल्या मताला छेद देणारे बोल आवर्जून नोंदवायचे आणि टिपणे त्याच दिवशी पूर्ण करायची, ही शिस्त येथेही चुकत नाही.

ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे

संशोधनात माहिती देणाऱ्याचे काही देणे लागते, हा विचार अभ्यासक्रमात उशिरा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरोधी नियम केले आणि २०१९ मध्ये पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. मात्र नीतिमत्ता म्हणजे उताऱ्यांचे साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवणे, एवढाच अर्थ त्यातून घेतला गेला तर तो अपुरा आहे. न घेतलेल्या मुलाखती घेतल्याचे दाखवणे आणि यंत्राकडून लिहून घेतलेली, अस्तित्वातच नसलेली संदर्भसूची जोडणे हेही त्यातच मोडते.

त्याहून मोठा प्रश्न समोरच्या माणसाच्या सुरक्षिततेचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसाचाराविषयी प्रश्न विचारताना घरातील एकाच स्त्रीची निवड करतात आणि एकांत मिळाला तरच ते प्रश्न विचारतात. कारण शेजारी सासू किंवा पती असताना मिळालेले उत्तर खोटे असण्याची शक्यता असतेच, शिवाय ते त्या स्त्रीला मारहाणीपर्यंत नेऊ शकते. मोठी यंत्रणा पाठीशी असताना एवढी काळजी घेतली जाते. चहाच्या वेळी दारात उभे राहून तेच प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने ती किती घ्यावी? आत्महत्याग्रस्त कुटुंबाकडे जाणाऱ्याने आपण मदत घेऊन आलेलो नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगणे आवश्यक असते. नकार देण्याचा अधिकार समोरच्याला आहे, हे नुसते लिहून भागत नाही. नकार स्वीकारून परत फिरावे लागते.

शिकायचे कसे?

ही विद्या हाताने करूनच येते. पहिली पायरी म्हणजे एक पान. त्यावर आपला प्रश्न, त्याची दोन संभाव्य उत्तरे, प्रत्येक उत्तर खरे असेल तर जगात काय दिसेल, ते कोठे आणि कोणाकडे पाहता येईल आणि काय दिसले तर आपण आपले मत सोडून देऊ, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर आराखडा अजून झालेला नाही.

दुसरी पायरी रिकाम्या तक्त्यांची. माहिती गोळा करण्याआधीच प्रबंधात येणारे तक्ते आखून ठेवावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर एकाही तक्त्यात जात नाही, तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाकावा. पन्नास प्रश्नांचे वीस होतात आणि उत्तर देणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. उरलेले प्रश्न आठ-दहा जणांना विचारून पाहावेत. ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न’ हा प्रश्न शेतमजुराला विचारून पाहिला की तो निरर्थक का आहे, हे पुस्तकातील दहा पानांपेक्षा लवकर कळते. त्याची मिळकत महिन्याने येत नाही, हंगामाने येते.

तिसरी पायरी वाचनाची. एखादा गाजलेला अभ्यास निवडावा, निष्कर्ष झाकून फक्त पद्धत वाचावी आणि एवढ्या माहितीवरून जास्तीत जास्त काय म्हणता येईल, ते स्वतः लिहावे. मग लेखकाचा निष्कर्ष उघडून पाहावा. स्वतः माहिती जमवण्यास वेळ वा पैसा नसलेल्यांना राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ओळखीच्या शंभर जणांच्या प्रश्नावल्यांपेक्षा त्या माहितीवर विचारलेला एक नेमका प्रश्न अधिक मोलाचा ठरू शकतो.

मार्गदर्शकांचीही यात जबाबदारी आहे. एकेका शिक्षकाकडे अनेक प्रकल्प असताना प्रत्येकाचा प्रश्न घासूनपुसून घेणे अवघड आहे, हे खरे. तरी गृहीतक असिद्ध झालेल्या लघुप्रबंधाला गुण कमी पडणार नाहीत, एवढे जरी विभागाने स्पष्ट केले, तरी बरेच साधेल. ‘बचत गटातील आणि गटाबाहेरील स्त्रियांमध्ये निर्णयाच्या बाबतीत फरक आढळला नाही’ हा प्रामाणिक निष्कर्ष आहे. योजना आखणाऱ्याला नव्वद टक्क्यांच्या ‘होय’पेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, कारण पुढे काय करून पाहायचे याचा विचार तेथूनच सुरू करता येतो.